जिवाच्या फोनची आगोट

फोनात कुठलं कार्ड घालायचं यावरून जिवाच्या अंगणात भांडण जुंपलं, तेव्हा कार्ड अजून जव्हारच्या दुकानातच होतं. फोन मात्र घरात आला होता. जिवाचा मेव्हणा कान्हा ठाण्याला बिगारी कामाला. त्यानं नवा फोन घेतला आणि जुना बहिणीला, म्हणजे सुकरीला दिला. फुकट आलेल्या वस्तूचं पुढे काय करायचं, हे सांगायला आमच्या पाड्यावर माणसांची वाण नाही. त्यात वैशाखाचे दिवस. भाताच्या रोपांसाठी राब भाजून झालेले, हाताला काम नाही. जो तो उठून जिवाच्या अंगणात येऊन बसला.

आमचा पाडा जामसरच्या पलीकडे, टेकाडाच्या कुशीत. जिवाचं नि माझं बांधाला बांध लागून आहे. त्यामुळे त्याच्या घरची भांडणं मला चुकत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मलाही ती चुकवायची नसतात.

फोन हवा होता तो हर्षदासाठी. जिवाची ही थोरली. बारावी झाली, नाशिकला नर्सिंगच्या शाळेत अर्ज केला, आणि नाव लागलं ते वेटिंगच्या यादीत. तिथला क्लार्क म्हणाला होता, जागा रिकामी झाली की फोन करू, फोन आला की लगेच यायचं, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. हर्षदाच्या आधी आमच्या पाड्यावरची प्रतिभा अशीच यादीत होती. तिचं पत्र आलं, पण ऐन पावसात. ओहोळाचं पाणी उतरल्यावर पोस्टमन आला, तोवर जागा गेलेली. एवढी हुशार पोर, आता दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर जाते. त्या दिवशी तीही अंगणात बसली होती. सुकरी सारखी तिच्याकडे बघत होती.

"मना फोनावर बोलायचं नाय," सुकरी म्हणाली, "पन पोरीचा निरोप चुकता कामा नाय. काय घालायचं तां घाल त्यात."

एवढं ऐकून जिवा जव्हारच्या बाजाराला निघाला, आणि सल्लागार म्हणून मला ओढलं.

दुकान गोकुळचं. शिकलेला पोरगा, बोलायला गोड. जिवानं कार्डाची चौकशी बैलाची करतात तशी केली. म्हणजे आधी दुरून बघितलं, मग नाव ठेवलं, मग विचारलं. गोकुळनं तीन प्रकार सांगितले. एक छोटं कार्ड, थोडं बोलणं, थोडी मुदत. दुसरं मोठं, जेवढे पैसे तेवढं सगळं बोलणं, पण महिन्यानं पुन्हा भरायचं. तिसरं नुकतंच निघालेलं, त्याला सगळे लाइफटाइम म्हणत. पैसे सगळ्यात जास्त, बोलणं जवळजवळ नाहीच, पण येणारा फोन बंद होत नाही, पुन्हा पुन्हा भरायची कटकट नाही. जिवा हसला. पैसे जास्त आणि माल कमी, असा सौदा त्यानं जन्मात ऐकला नव्हता. फोन फुकटचा आणि कार्ड सोन्याचं, ही तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

त्यानं दुसरं घेतलं. गोकुळनं पुन्हा बजावलं की महिन्यानं भरावं लागेल. जिवा म्हणाला, "तां खानाऱ्याला. आमी खानारच नाय, तं सरंल कसां?"

आमच्याकडे पाऊस लागायच्या आत घरात आगोट भरतात. मीठ, मिरची, सुकी मासळी, चार महिन्यांचं सगळं. एकदा ओहोळ भरले की बाजार लांब राहतो. मिठाच्या मडक्यात हात घातला नाही तर मीठ मडक्यात राहतं, हे लहान पोराला कळतं. जिवानं फोनाची तशीच आगोट भरली, आणि त्यात त्याची चूक आहे असं मलाही वाटलं नाही. सल्लागार नेला होता, तो असा.

नाशिकला नि कान्हाला नंबर गोकुळच्याच फोनवरून कळवला, आणि मग कायदा झाला की फोन कुणी लावायचा नाही. आला तर घ्यायचा. पाड्यावरचा बुधा आपल्या जावयाला एक निरोप द्यायचा म्हणून दोनदा येऊन गेला, जिवानं त्याला चहा पाजला पण फोन दिला नाही. सुकरीला भावाशी बोलावंसं वाटलं, तिला सांगितलं की भाऊ लावणीला येणारच आहे, तेव्हा पोटभर बोल. सुकरी त्याला म्हणाली, "दात कोरून पोट भरत नसतं रे." पण हर्षदाचं काम म्हणून तिनंही कायदा पाळला.

रेंज घरात येत नसे. ती येई जिवाच्या वरच्या माळावर, जिथे नागली लावतात. तिथे त्यानं एक खुंट रोवला, फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याला टांगला आणि वरून इरलं झाकलं. पाऊस लागला तशी गंमत झाली. इरलं फोनावर, आणि जिवा भिजतोय. जामसरच्या गिरणीत दळण न्यायचं तेव्हा फोनही चार्ज करायला जायचा. पीठ सुकरीच्या डोक्यावर, फोन जिवाच्या छातीशी. आम्ही हसायचो, आणि त्याला हसायची बंदी नव्हती.

आषाढात लावणी सुरू झाली. खाचरात गुडघाभर चिखल, वरून धार, आणि बायकांची पाठ वाकलेली ती दुपारपर्यंत सरळ होत नाही. अशातच एका सकाळी कान्हा ठाण्याहून आला. बांधावर पिशवी ठेवली, बहिणीला हाक मारली आणि पहिलंच वाक्य बोलला की कधीपासून फोन लावतोय, लागतच नाही. एक बाई सांगते, हा नंबर सध्या बंद आहे.

सुकरीच्या हातातली भाताच्या आवणाची जुडी चिखलात पडली.

जिवा म्हणाला, असं होणारच नाही. तो माळावर धावत गेला, पिशवी सोडून फोन घेऊन आला आणि बटण दाबून दिवा दाखवला. उजेड आहे, घड्याळ चालू आहे, बोलण्याचे पैसे सगळेच्या सगळे शिल्लक आहेत.

"दाजी, बैल उभा हाय म्हनून तो औताला चालतो का?" कान्हा म्हणाला. "मुदत सरली. आदी जानारा फोन बंद व्हतो, मंग येनारा. तुमी कुनाला लावलाच नाय, तं कळनार कसां?"

तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. पैसे होते, पण दार बंद झालं होतं. आम्ही मडकं राखत बसलो आणि मीठ मडक्यातच राहिलं, फक्त मडक्याचं तोंड कुणीतरी बाहेरून बांधून टाकलं. जिवा फोन पुन्हा पिशवीत बांधत राहिला. त्याचा चेहरा बघून मला वाईट वाटलं, कारण लोभ त्यात नव्हता. आपण घरासाठी राखतोय, एवढंच त्याच्या मनात होतं.

सुकरी ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडली नाही. तिनं ओहोळात पाय धुतले, घरी गेली, दोन कोंबड्या टोपल्यात घातल्या आणि हर्षदाला म्हणाली, चल. मग वळून नवऱ्याला म्हणाली, "प्रतिभाच्या आयसकडं मी डोळं वर करून बघत नाय, म्हाईत हाय ना तुना? आथा मना बघून कोनी तसां डोळं खाली घालायला नको."

जिवा मागोमाग निघाला. लावणी अर्धी टाकून जायचं म्हणजे आमच्याकडे मोठी गोष्ट, पण कान्हानं धोतर खोचलं आणि बाकीच्यांनी जिवाचं खाचर अंगावर घेतलं. मला युरियाचं निमित्त होतंच. रस्त्यावर जीप मिळाली. हर्षदा आणि सुकरी आत, टोपलं मांडीवर. जिवा आणि मी मागे लटकलो. वाटभर हर्षदा खिडकीतून बाहेर बघत होती. ती रडत नव्हती, पण एकदा मागे वळून बापाकडे तिनं जे बघितलं, त्यानं जिवानं मान खाली घातली ती जव्हार येईपर्यंत वर केली नाही.

कोंबड्या बाजारात पोहोचायच्या आत विकल्या गेल्या. गोकुळच्या दुकानात या वेळी जिवा पायरीवर थांबला आणि सुकरी आत गेली. तिनं नाव ठेवलं नाही, घासाघीस केली नाही.

"पोरा," ती म्हणाली, "आमाला वर्सभर कुनाशी बोलायचं नाय. पन आमच्या घराचा दार उघडा पायजे. कोन येल, कवा येल, म्हाईत नाय. असां कार्ड दे."

गोकुळनं तिच्याकडे जरा बघितलं आणि म्हणाला, "मावशी, मी काकांना एवढं समजावलं, पण असं विचारलं असतंत तर तिसरंच दिलं असतं." मग त्याची चिंता वेगळीच निघाली. नंबर जुनाच राहायला हवा, कारण नाशिकला तोच दिलेला. मुदत सरून फार दिवस झाले असतील तर नंबर गेला. त्यानं आपल्या फोनवरून काहीतरी दाबलं, थांबला, पुन्हा दाबलं. आम्ही चौघं त्याच्या अंगठ्याकडे बघत उभे. शेवटी जिवाच्या फोनात टुणकन आवाज झाला. नंबर जिवंत झाला, आणि गंमत म्हणजे आगोटीचं जुनं बोलणंही सगळंच्या सगळं परत आलं.

पायरीवरून जिवाचा आवाज आला. "मी बोललो नव्हतो? हात नाय लावला तं सरत नाय."

सुकरीनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं फोन पोरीच्या हातात दिला आणि म्हणाली, नाशिकला लाव. कायदा मोडला तो असा, भर दुपारी, जव्हारच्या बाजारात.

हर्षदानं नंबर लावला, गोकुळनं स्पीकरचं बटण दाबून दिलं. तिकडून क्लार्कचा आवाज आला. तिनं नाव सांगितलं, गाव सांगितलं. क्लार्क म्हणाला, थांबा, यादी बघतो, आणि टेबलावर रिसीव्हर ठेवून निघून गेला. आम्हाला त्याच्या खुर्चीचा आवाज आला, मग नुसता पंख्याचा. वेळ जात होता. जिवाची जपून ठेवलेली आगोट मिनिटामिनिटानं जळत होती, आणि पलीकडे कुणी नव्हतं. हर्षदानं घाबरून बापाकडे बघितलं. ठेवू का, पुन्हा लावू, असं तिनं नजरेनं विचारलं.

जिवा पायरी चढून आत आला.

"धर," तो म्हणाला. "सरू दे सगळां. पन सोडू नको."

तिनं धरला. पंखा फिरत राहिला. गोकुळनं गिऱ्हाईकाला हातानं थांबवलं. मग खुर्ची पुन्हा वाजली आणि क्लार्क आधी रागावला. दोन दिवस तुम्हाला फोन लावतोय, असा बंद ठेवायचा होता तर नंबर कशाला दिला. मग म्हणाला, जागा आहे, उद्या दुपारच्या आत कागद घेऊन या, नाहीतर पुढच्या मुलीला सांगतो. हर्षदा "हो सर, हो सर" एवढंच म्हणत होती. फोन ठेवून झाल्यावरही ती एकदा "हो सर" म्हणाली. सुकरीनं तिला जवळ घेतलं आणि भर दुकानात मोठ्यानं रडली. सकाळपासूनचं तिनं तिथे मोकळं केलं. जिवा भिंतीवरच्या नट्यांच्या चित्रांकडे बघत उभा राहिला, आणि मी युरिया विसरलो तो विसरलोच.

दुसऱ्या दिवशी पहाटेच हर्षदा मोखाड्यावरून जाणाऱ्या नाशिकच्या एस्टीत बसली. सोबत जिवा होता, कागद छातीशी धरून.

हर्षदा वसतिगृहात राहिली. आता फोनाचं काय करायचं, यावर अंगणात पुन्हा बैठक बसली. आगोटीतलं उरलेलं बोलणं सुकरीनं वसतिगृहात फोन लावून पोरीला काय आवडतं, काय दुखतं ते विचारण्यात आठवड्यात संपवलं, आणि जिवानं हूं की चूं केलं नाही. पण नवीन भरायला आता कोंबड्या उरल्या नव्हत्या. तेव्हा नवा कायदा जिवानंच काढला, आणि त्यात त्याची जुनी हुशारी दिसली. वसतिगृहाच्या दारात रुपया टाकून बोलायच्या फोनाचा लाल डबा होता. त्याची रीत अशी, की समोरच्यानं उचललं तर डबा रुपया गिळतो, नाही उचललं तर परत देतो. हर्षदानं संध्याकाळी जेवण झालं की आपला नंबर लावायचा, घंटी वाजू द्यायची, आणि ठेवून द्यायचं. घंटी वाजली म्हणजे पोर खुशाल. रुपया तिचा तिला, आपल्याला फुकट, आणि लाइफटाइमवर येणाऱ्या फोनाला मरण नाही. बुधासकट सगळ्यांनी माना डोलावल्या. कमी बोलणाऱ्या घराला याहून स्वस्त फोन सगळ्या तालुक्यात नसेल, असं मीही म्हणालो.

पहिल्या संध्याकाळी आम्ही दोघं माळावर गेलो. नागली वीतभर झाली होती, पाऊस उघडला होता. जिवा खुंटाशेजारी दगडावर बसला, फोन मांडीवर. सुकरी खाली घरात भाकरी थापत होती, घंटी वाजली की हाक मारून सांगायचं ठरलं होतं. बराच वेळ काही झालं नाही. जिवा दर घडीला दिवा पेटवून बघत होता.

मग घंटी वाजली. ती पुरती वाजलीही नसेल, जिवानं फोन उचलून कानाला लावला होता.

"बा," पलीकडून हर्षदा ओरडली, ते मला लांबून ऐकू आलं. "उचलायचा नव्हता ना. डब्यानं रुपया गिळला."

"गिळू दे," जिवा म्हणाला. "तू जेवलीस का?"

असं रोज होतं. रोज संध्याकाळी माळाकडे जाताना जिवा मला सांगतो की आज काही झालं तरी उचलणार नाही. हर्षदानं आता रुपयाची नाणी साठवायला सुरुवात केली आहे.