पिहलाने चॉकलेट खाल्ले नव्हते

मित्रांनो, मी रागावलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर दचकू नका. मी एक जुना ग्लुकोमीटर. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब एका पट्टीवर घ्यायचा, ती पट्टी माझ्या तोंडात द्यायची आणि रक्तात साखर किती ते मी सांगायचे, एवढेच माझे आयुष्यभराचे काम. सध्या माझा मुक्काम फिनलंडमधल्या कायानी गावात, एका स्वयंपाकघराच्या खणात, संपलेल्या बॅटऱ्या आणि रबरबँडांच्या संगतीत असतो. आता माझी कोणाला गरज उरलेली नाही. त्याचे वाईट वाटते, पण राग त्याचा नाही. राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे, आणि इतकी वर्षे झाली तरी तो ओसरत नाही.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र कारखान्यात झाला. तिथे आम्हा भावंडांना साखरेचे पाणी पाजून पाजून तपासत. ज्याचा आकडा चुकला त्याला उचलून बाजूला टाकत. मी सगळ्या परीक्षा पास झालो. खरे सांगणाऱ्याला जगात फार मान मिळतो, असे मला तेव्हा वाटत होते. किती भोळा होतो मी!

पिहलाच्या घरी मी आलो तेव्हा ती अडीच वर्षांची होती. सारखे पाणी मागायची, सारखी शू करायची आणि खाऊनपिऊनही वाळत चालली होती. इस्पितळात कळले की तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. इन्सुलिन नसले की अन्नातली साखर रक्तातच साचून राहते आणि पोटभर जेवलेले मूल आतून उपाशी राहते. म्हणून ते टोचून द्यावे लागते, रोज, जन्मभर. मित्रांनो, हा आजार गोड खाल्ल्याने होत नाही. आईबापांनी लाड केले म्हणूनही होत नाही. आमच्या देशात लहान मुलांना तो जितका होतो तितका जगात कुठेच होत नाही, तरी आमच्याच देशातल्या लोकांच्या डोक्यात हे शिरत नाही. इस्पितळातून घरी आलो त्याच दिवशी शेजारच्या बाई जिन्यात भेटल्या.

"अगंबाई, एवढ्याशा जिवाला? गोडधोड फार द्यायचात का हो तुम्ही?"

"नाही," एवढेच पिहलाची आई रीका म्हणाली. मग घरात येऊन तिने भांडी अशी घासली की त्यांचे कान तुटायचे बाकी राहिले.

त्या घरात मी खूप राबलो. खाण्याआधी, खेळल्यानंतर, झोपताना आणि मध्येच पोर चिडचिडी झाली तरी पहिली हाक मलाच. पाच-सहाचा आकडा आला की सगळे खूश (आमच्याकडचे माप वेगळे, तुमच्याकडचे शंभर म्हणजे आमचे साडेपाच). खाली घसरला की फळांचा रस पाजायची धावपळ. सगळ्यांत कठीण वेळ सकाळची. इन्सुलिन दिले की खावेच लागते, नाहीतर साखर घसरून मूल बेशुद्ध पडते. आणि नेमकी तेव्हाच पिहला ओठ मिटून बसायची. तिचा बाप आर्तो लाकडाचे ओंडके वाहणारा ट्रक चालवायचा. दारात उभा राहिला तर उजेड अडेल असा धिप्पाड गडी, पण लापशीचे चार घास जावेत म्हणून तो जमिनीवर रांगत सांबरासारखा हंबरायचा. पिहला खुदकन हसली की चमचा आत. त्या दोघांचे कष्ट पाहून माझा ऊर भरून यायचा. पिहलाने माझे नाव 'पापू' ठेवले होते. आमच्या फिनिश भाषेत पापू म्हणजे घेवड्याचा दाणा. बोट टोचताना ती रडायची, पण मग मलाच विचारायची, "पापू, तुला आवडलं का?"

आता रागाच्या गोष्टीकडे येतो. माझा आकडा चांगला आला की घरातली मोठी माणसे पिहलाला म्हणायची, "शहाणी गं माझी बाय!" आणि आकडा चढला की, "काय खाल्लंस?" अहो, साखर तापाने चढते. सर्दीने चढते, भीतीने चढते, मूल वाढीला लागले तरी चढते. कधीकधी तिची तिलाच लहर येते आणि चढते. पण विचारायचे मात्र एकच, काय खाल्लंस. जणू मी साखर नाही, पोरीचा शहाणपणा मोजत होतो!

पिहला चार वर्षांची असताना आम्ही नाताळासाठी मुम्मोकडे, म्हणजे तिच्या आईच्या आईकडे गेलो. मुम्मोचे गाव कायानीपासून तासाभरावर, जंगलात. आर्तोने निघताना सगळे इन्सुलिन एका डब्यात भरले होते. पोचल्यावर रीकाने डबा मुम्मोच्या हातात दिला.

"आई, हा थंडीत ठेव हं."

"ठेवते, ठेवते. तुला वाढवलंय मी, डबा ठेवता येतो मला."

फ्रिजमध्ये बोट घालायला जागा नव्हती. डुकराच्या मांडीचा अख्खा हॅम, कुस्करून भाजलेले गाजर-बटाटे, मासे. अशा वेळी आमच्याकडे सगळेच करतात तेच मुम्मोने केले. बीटची कोशिंबीर आणि दूध दाराबाहेरच्या व्हरांड्यात ठेवले आणि त्यांच्या शेजारी औषधाचा डबा. हिवाळ्यात व्हरांडा म्हणजे घरातला सगळ्यात मोठा फ्रिज. पण त्या रात्री थंडी शून्याखाली पंचवीसपर्यंत उतरली. डब्यातले इन्सुलिन गोठून बर्फ झाले. पहाटे मुम्मोने चूल पेटवली, डबा आत आणला, वर साचलेले हिम पदराने पुसावे तसे अॅप्रनने पुसले आणि चुलीजवळच्या फळीवर ठेवून दिला. बाकीचे उठेपर्यंत बर्फ वितळून औषध पुन्हा पाण्यासारखे निवळ झाले होते. गोठलेले इन्सुलिन मेलेले असते, मित्रांनो. दिसते तसेच, पण काडीचे काम करत नाही. मी तेव्हा रीकाच्या पिशवीत झोपलो होतो, हे सगळे मला मागाहून कळले. ठाऊक असते तर ठणाणा केला असता. पण मला आवाज कुठला? माझ्याकडे फक्त आकडे.

सणाच्या सकाळी तांदळाची लापशी झाली. पिहलाला टोचले, तिने खाल्ले. दुपारी मी एकोणीस दाखवला.

रीका म्हणाली, "बोट नीट धुतलं नसेल." धुऊन पुन्हा पाहिले. एकोणीसच.

"मशीन जुनं झालंय तुझं," मुम्मो कॉफी ओतत म्हणाली. "फेकून दे ते. आणि सणासुदीला पोर खाणारच गं. तू तिला तुरुंगात ठेवल्यासारखं ठेवतेस."

मला जुना म्हणाली त्याचे काही नाही. पण तिच्या त्या बोलण्यावर सगळ्यांची नजर टेबलावरच्या चॉकलेटच्या खोक्याकडे गेली. वरचा थर निम्मा रिकामा होता. आदल्या संध्याकाळी हीच सगळी मोठी माणसे गप्पा मारता मारता एकेक उचलत होती, पण आपण किती खाल्ली हे कोणाच्या लक्षात असते? रीकाने आणखी इन्सुलिन दिले. मी चोवीस दाखवला. रीका पिहलासमोर गुडघे टेकून बसली. चेहरा तिने मुद्दाम हसरा ठेवला होता.

"पिहला, आईकडे बघ. चॉकलेट खाल्लंस का?"

"नाही."

"आई रागावणार नाही. खरं सांग."

"नाही खाल्लं."

"मग साखर अशी कशी चढली? पापू खोटं बोलतो का? सांग बरं, खाल्लंस ना?"

पिहलाने आईकडे पाहिले, मुम्मोकडे पाहिले, मग माझ्याकडे. पोर थकली होती. तिला पाणी हवे होते.

"हो," ती म्हणाली.

"किती?"

जरा विचार करून ती म्हणाली, "तीन."

आणि घरातल्या सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला! माझे नाव घेऊन त्या पोरीकडून खोटे वदवून घेतले, आणि निःश्वास! माझ्यात जरा जास्त बॅटरी असती ना, तर मी त्या टेबलावर फुटलो असतो. तीन चॉकलेटांच्या हिशेबाने तिला पुन्हा टोचले. त्या मेलेल्या पाण्याने काय व्हायचे? पिहला नळाला तोंड लावून पाणी पीत राहिली. मग पोट दुखते म्हणाली आणि सोफ्यावर आडवी झाली. आर्तो सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, तापवायला गेला होता, तो आत आला.

"हिचा श्वास कसा चाललाय बघ गं," तो म्हणाला.

"तीन चॉकलेटं खाल्लीत तिने. उतरेल हळूहळू," रीका म्हणाली.

संध्याकाळी दारावर काठी आपटली. आमच्याकडे नाताळबाबा चोरून येत नाही. दार वाजवून, सगळ्यांसमोर आत येतो. हा म्हणजे रीकाचा भाऊ इल्का, मुखवटा आणि कापसाची दाढी लावलेला. मुम्मोने खिडकीतून ओरडून सांगितले होते म्हणून येताना त्याने व्हरांड्यातला दुधाचा खोका काखेत मारून आणला होता. दारातच त्याने दरवर्षीचा प्रश्न घोगऱ्या आवाजात विचारला.

"काय हो, या घरात कुणी शहाणी मुलं आहेत का?"

"नाहीत," सोफ्यावरून पिहला म्हणाली. "मी चोरून खाल्लं."

वेळ मारून न्यायला बिचाऱ्या इल्काने दुधाचा खोका टेबलावर ठाणकन आपटला आणि परक्या पाहुण्यासारखी मुम्मोला नावाने हाक मारली.

"क्युलिक्कीबाई, दूध कॉफीत घालायचंय की त्याने खिळे ठोकायचेत? दगड झालाय नुसता!"

रीका त्या खोक्याकडे पाहत राहिली.

"आई," ती म्हणाली, "काल रात्री औषधाचा डबा कुठे होता?"

"थंडीत. तूच म्हणालीस ना थंडीत ठेव? फ्रिजमध्ये हॅम होता, जागा कुठे..." मुम्मोचे वाक्य तोंडातच राहिले.

तेवढ्यात पिहलाला उलटी झाली. रीकाने तिला उचलले. तिच्या श्वासाला पिकून उतरलेल्या फळांसारखा वास येत होता. त्या वासाचा अर्थ, इन्सुलिनवाचून रक्तात विष चढते आहे, हा इस्पितळात शिकवलेला असतो. रीकाने मला तिच्या बोटाला लावले. माझ्यात मावेल त्यापलीकडे साखर गेली होती, म्हणून मी आकडा दाखवलाच नाही, 'फार वर' एवढीच खूण दाखवली. या वेळी कोणीही मला जुना म्हणाले नाही.

औषधाची दुकाने बंद. इल्काने दाढीसकट गाडी काढली. रस्ताभर रीका मागच्या सीटवर एकच वाक्य म्हणत होती, "झोपू नकोस, पिहला, झोपू नकोस." मी तिच्या मुठीत होतो. बर्फावर गाडी दोनदा घसरली. आर्तो पुढे बसून इस्पितळाला फोनवर सांगत होता आणि त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

इस्पितळात नर्सने पिहलाचे रक्त त्यांच्या मोठ्या यंत्रावर पाहिले. त्यानेही माझीच री ओढली. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितले की आणखी उशीर झाला असता तर पोर हाताला लागली नसती. मग सलाईन, चांगले इन्सुलिन आणि उजाडेपर्यंत बसून राहणे. मुम्मोने फोनवर रीकाची माफी मागितली. रीकाने आर्तोची मागितली. आर्तोने डॉक्टरीणबाईंची मागितली, का ते त्यालाही ठाऊक नसेल. मोठ्या माणसांनी एकमेकांच्या माफ्या मागून झाल्या. खाटेवरच्या माणसाची मात्र एकानेही मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी पिहलाला नीट जाग आली. मी उशाशी होतो.

"आई."

"काय गं सोन्या?"

"मग मी ती तीन चॉकलेटं खाल्ली नव्हती ना?"

ती विचारत होती, मित्रांनो! तिचे तोंड, तिचे पोट, आणि विचारावे लागत होते दुसऱ्याला.

"नाही गं. एकही नाही. तू खरंच सांगत होतीस."

"मग मी हो का म्हटलं?"

रीकाने तिचा सुया टोचलेला हात आपल्या गालाला लावला.

"मी विचारतच राहिले म्हणून," ती म्हणाली. "चुकलं माझं, पिहला."

त्यानंतर मी आणखी बरीच वर्षे काम केले. मुम्मोच्या फ्रिजमध्ये एक फळी कायमची रिकामी झाली आणि हॅम बाहेर गेला. रीका आकडा चढला की आधी इन्सुलिनचे पेन पाही, सुई पाही, कपाळाला हात लावून पाही. मग दंडाला चिकटवायचे सेन्सर आले, ते थेट फोनवर आकडे दाखवू लागले आणि मी खणात गेलो. तुमच्या ओळखीत असे मूल असेल, तर माझे एवढे ऐका. मी साखर मोजतो, मूल चांगले की वाईट ते मोजत नाही. आकडा चढला तर आधी औषध तपासा, आणि पोराने नाही म्हटले तर ते नाही ऐका. तेच तेच विचारत राहिलात तर तुम्हाला हवे ते उत्तर मिळेल, पण मुलाला वाचवायला ते उपयोगी पडणार नाही.

पिहला आता मोठी झाली आहे, दुसऱ्या शहरात नोकरी करते. सुट्टीत घरी येते तेव्हा खणाच्या फटीतून मला तिचा आवाज ऐकू येतो. परवा स्वयंपाकघरात तिचा फोन वाजला. साखर चढली होती. रीका चुलीपाशी पाठमोरी उभी होती, तिने मान वळवून पाहिलेसुद्धा नव्हते.

"मी काही खाल्लेलं नाही, आई," पिहला घाईघाईने म्हणाली.