नावाच्या रकान्यातला ठिपका

मी बोलतेय, जहाजावरची आजारपणाची वही. निळ्या पुठ्ठ्याची, जाडजूड, औषधांच्या कपाटाला दोरीने बांधलेली. बोलायला उशीर केलाय, ठाऊक आहे मला. पण गप्प बसून बसून जीव गुदमरलाय.

छापखान्यातून आले तेव्हा काय तोरा होता माझा! तारीख, नाव, तक्रार, औषध, सही, असे पाच रकाने. जहाजावर डॉक्टर नसतो, औषधं सेकंड ऑफिसर देतो. त्याने आधी माझ्यात लिहायचं, मगच गोळी द्यायची. मला वाटायचं, आपल्यावाचून इथलं पानही हलणार नाही.

कसलं काय! माणसं मला टाळायची. इंजिनातली मंडळी तर माझ्यासमोर खोकायचीसुद्धा नाहीत. सफर संपली की माझी नक्कल कंपनीच्या ऑफिसात जायची, आणि ज्याचं नाव माझ्यात सापडेल त्याला पुढचं बोलावणं काही येत नसे. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता. पण सगळ्यांना पक्कं माहीत होतं.

इंजिनात एक ऑइलर होता. यंत्रांना तेलपाणी करायचं त्याचं काम. त्याला सगळे पैलवान म्हणत, कारण दोघांनी उचलायचा पाना हा गडी एका हाताने उचलायचा. एका दुपारी पाळी संपवून तो कपाटापाशी आला. डोकं ठणकत होतं, उजव्या हाताला मुंग्या येत होत्या. सेकंड साहेबाने रक्तदाब मोजला आणि त्याचा चेहराच उतरला. त्याने मला उघडलं, तारीख घातली, नावाच्या रकान्यात पेन टेकवलं.

"साहेब, नाव नका लिहू," पैलवान म्हणाला. "मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अजून दोन सफरी काढू द्या, मग घरीच बसतो."

साहेब भला माणूस. त्याचं पेन तिथेच अडलं आणि शाईचा ठिपका पडला. मग त्याने मला मिटलं आणि गोळ्या पैलवानाच्या खिशात घातल्या. पुढे पैलवान आणखी दोनदा आला, तेव्हा मला कुणी उघडलंही नाही. मी कपाटात नुसती चरफडत होते. अरे लिही रे बाबा, लिही!

उतरताना पैलवानाने तब्येत ठणठणीत असल्याच्या कागदावर सही ठोकली. घरी गेल्यावर पाचव्या दिवशी चहाचा कप त्याच्या हातातून सुटला. उजवं अंग गेलं, वाचा गेली.

बायकोने नुकसानभरपाईचा अर्ज केला. दुखणं जहाजावरच सुरू झालं एवढं सिद्ध झालं, तर औषधपाणी आणि घर दोन्ही निभणार होतं. नाही तर काहीच नाही. म्हणून मला खाकी पाकिटात घालून सुनावणीच्या खोलीत आणलं. कंपनीचा वकील आवाज न चढवता म्हणाला, वहीत नाव दाखवा. बाईने बोट ओलं करून माझी पानं उलटली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, दोनदा. शेवटी पैलवानाने डाव्या हाताने तिला थांबवलं, एक पान काढलं आणि त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. तोंडातून नुसती घरघर आली.

सेकंड साहेब साक्षीला होता. खरं बोलला असता तर त्याचीही नोकरी गेली असती. "मला आठवत नाही," तो म्हणाला. "वहीत नसेल, तर झालं नसेल."

बाई रडली नाही. इतकंच म्हणाली, "साहेब, घरी आले तेव्हा हे तुमचंच कौतुक करत होते. अडीनडीला गोळ्या दिल्यात म्हणून."

साहेबाने मान खाली घातली, ती वर केलीच नाही. ठिपका काय, कुणाचाही असू शकतो, असं वकील म्हणाला. अर्ज फेटाळला गेला.

आता मी कागदपत्रांच्या खोलीत धूळ खात पडलेय. परवा पैलवानाची मुलगी त्या पानाची नक्कल मागायला आली होती. अपील करायचंय, म्हणाली. नर्सिंग सुटलंय तिचं. बापाला आता तीच एकटी उचलते, बसवते, निजवते. नक्कल हातात आल्यावर ती कितीतरी वेळ तो ठिपका बघत राहिली.

जहाजावर जाणाऱ्यांनो, तुम्ही मला घाबरता ते काही उगाच नाही. तरी पाया पडते, नाव लिहायला लावा. त्या ठिपक्यापुढे अख्खी ओळ अजून कोरी आहे. माझ्यात जागा होती हो.