पूल लाइनवर आहे

कंपनीत हवालदाराला सगळे घोरपड म्हणत. शिकाऊ असताना पहिल्या उडीला तो विमानाच्या दाराला असा चिकटला होता की मागच्या दोघांनी त्याला सोडवून बाहेर ढकललं. पुढे तो कधीच अडखळला नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

या छत्रीधारी कंपनीची युद्धातली कारकीर्द तोवर हसण्यावारी नेण्यासारखीच होती. दोनदा ते तोंडाला काळा रंग फासून विमानात बसले, आणि दोनदा हवा बिघडली म्हणून उडी न मारता माघारी आले. दुसऱ्या खेपेला पायदळातला कोणीतरी म्हणालाच, "लढाई हरल्यावर तोंड काळं होतं ऐकलं होतं. हे आधीच करून जातात!"

तिसऱ्या खेपेला उजाडता उजाडता विमानं नदीकाठच्या शहरावर आली. शहर आपलंच, पण दोन वर्षं शत्रूच्या ताब्यात. नदीवर एकच पूल. तो शाबूत हाती लागला तर संध्याकाळच्या आत आपले रणगाडे शहरात येणार होते. उडाला, तर सगळं मुसळ केरात.

उडी झाली आणि वाऱ्याने दगा दिला. मैदानात उतरायची कंपनी सुपातून दाणे उधळावेत तशी गावभर विखुरली. छत्रीखाली लोंबकळत घोरपडीने पाहिलं, त्याचा मेव्हणा, कंपनीतला सुरुंगवाला, सरळ नदीकडे वाहत चालला होता. निघताना बायको म्हणाली होती, "माझ्या भावाला बरोबर घेऊन या. एकट्याने येणार असाल तर दार वाजवू नका." ती हसत म्हणाली होती, पण डोळे हसत नव्हते.

विचार तिथेच तोडावा लागला, कारण पायाखाली गच्ची आली. छत्री पाण्याच्या टाकीला अडकली. त्याने दोऱ्या कापल्या, बंदूक सरसावली आणि जिना उतरून पहिलं दार ढकललं.

आत टेलिफोन एक्स्चेंज होतं. भिंतभर बोर्ड, त्यावर दिवे आणि कॉर्डांचं जंजाळ. समोर कानाला हेडफोन लावून पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. पहाऱ्यावरचे शत्रूचे शिपाई छत्र्यांच्या मागे रस्त्यावर धावले होते.

"बाई, घाबरू नका. आम्ही आपली माणसं आहोत."

"ते दिसतंच आहे," बाई म्हणाल्या. "त्यांची माणसं खालून येतात. दार लावा आधी."

तेवढ्यात बोर्डावर दिवा लुकलुकला. बाईंनी कॉर्ड खोचली आणि शत्रूच्या भाषेत साखर पेरत दोन वाक्यं बोलल्या. मग हेडफोन बाजूला सारून म्हणाल्या, "पुलावरचा कॅप्टन. खाली सुरुंग लावून बसलाय. उडवू का, म्हणून त्याला मोठ्या साहेबाला विचारायचंय. मी सांगितलं, साहेब दुसऱ्या लाइनवर आहेत, थांबा."

घोरपडीने सुरी काढली आणि तारेकडे हात नेला. बाईंनी त्या हातावर चापट मारली.

"तोडू नका! लाइन मेली तर तो स्वतःच्या मनाने उडवेल. लाइन जिवंत आहे तोवर हुकमाची वाट बघेल. दोन वर्षं ऐकतेय मी त्याला. शिंकायचं झालं तरी वर विचारतो."

"पण किती वेळ थांबेल तो?"

"तुम्ही तुमची माणसं गोळा करा. त्याला थांबवायचं माझ्याकडे लागलं."

माणसं गोळा करायची कशी? गावभर पांगलेली पलटण, शिट्टी फुंकली तर शत्रूच आधी येणार. घोरपड बोर्डाकडे बघत राहिला आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"बाई, गावात टेलिफोन कुणाकुणाकडे आहेत?"

बाई पहिल्यांदाच हसल्या. मग त्यांचे हात असे चालू लागले की बघत राहावं. बेकरी, दवाखाना, शाळा, पिठाची गिरणी. प्रत्येक ठिकाणी एकच निरोप: आकाशातून कोणी पडलं असेल तर त्याला सांगा, हवालदाराने पुलाशी बोलावलंय. बेकरीवाला म्हणाला, दोघं माझ्या कोठारात आहेत, ओळखू येत नाहीत इतके पांढरे झालेत. गिरणीवाली म्हणाली, एक जण धुराड्याला लटकलाय आणि शिव्या फार घाणेरड्या देतोय. शाळेतून खुद्द मेजरच बोलले.

"घोरपड, तू? टेलिफोनवर?"

"होय साहेब. आपण कसे आहात?"

"पाय मोडलाय, डोकं शाबूत आहे. पूल घे. मी येतोच, कुणीतरी उचलून आणेल."

नदीकाठच्या कुणाकडे फोन नव्हता. मेव्हण्याची खबर लागली नाही.

घोरपड मागच्या गल्लीने पुलाशी पोचला. लाकडाच्या वखारीआड एकेक जण येऊन टेकत होता: पिठाने माखलेले, काजळीने माखलेले, एक तर उलट्या पायांत बूट घालून. पलीकडे चौकीत कॅप्टन कानाला रिसीव्हर लावून ताटकळत उभा होता. थांबून थांबून त्याचा चेहरा लाल झाला होता. अखेर त्याने रिसीव्हर आपटला आणि सुरुंगाच्या खटक्यावर हात ठेवला.

"चला!" घोरपड ओरडला.

धावता धावताच त्याने तो हात खाली जाताना पाहिला. आता पूल आपल्याला घेऊन नदीत जाणार, असं वाटून त्याने दात आवळले. काहीच झालं नाही. कॅप्टनने पुन्हा दाबलं, पुन्हा काही नाही. तोवर कंपनी त्याच्या अंगावर पोचली होती.

चौकी पडली तशी पुलाखालून हाक आली, "भावोजी! वर ओढा मला, हात गारठलेत!"

खांबाच्या लोखंडी पट्टीला बिलगून मेव्हणा लटकत होता, ओलाचिंब, ओठ निळे, आणि एका मुठीत कापलेल्या तारेचं टोक. नदीने त्याला थेट खांबावर नेऊन आदळलं होतं. समोर तारा दिसल्या, म्हणून त्याने आपलं रोजचं काम केलं होतं. घोरपडीने त्याला वर ओढलं, एक सणसणीत शिवी हासडली आणि मिठीत घेतलं.

"बहिणीला सांगू नका हं, पोहता येत नाही तरी नदीत पडलो ते," मेव्हणा कापत म्हणाला.

शत्रू दोनदा पूल परत घ्यायला आला. दोन्ही वेळा कंपनीने त्याला वखारीच्या पुढे सरकू दिलं नाही. त्याची किंमत पडली. धुराड्याला लटकून शिव्या देणारा तो रांगडा गडी दुसऱ्या हल्ल्यात गेला, आणखीही काही गेले. मेजरांना शाळेच्या फळ्यावर झोपवून आणलं होतं. ते तसेच आडवे पडून हुकूम देत राहिले.

दुपार कलता कलता पलीकडच्या रस्त्यावर धूळ उठली. जमीन थरथरली आणि पहिला रणगाडा पुलावर चढला. मग दुसरा, मग रांगच. दारं उघडली, खिडक्या उघडल्या, लोक रस्त्यावर आले. कुणी रडत होतं, कुणी शिपायांच्या पाठी थोपटत होतं. एक्स्चेंजच्या बाई हेडफोनची तार गळ्यात तशीच घेऊन पुलापर्यंत चालत आल्या आणि कठड्याला हात लावून उभ्या राहिल्या. घोरपडीने त्यांना कडक सलाम ठोकला. बाईंना काय करावं कळेना. त्यांनी त्याच्या बाहीवरची धूळ झटकली.

"घोरपड," मेजर फळ्यावरून म्हणाले, "कंपनी उभी कर. हा पूल आपण घेतलाय. एकदा तरी शिस्तीत ओलांडू या."

कंपनी उभी राहिली. हवालदाराने हजेरी घेतली. गेलेल्यांची नावंही त्याने घेतली, आणि प्रत्येक नावाला सगळ्यांनी मिळून ओ दिली. मग मेजरांचा फळा चौघांच्या खांद्यावर चढला, बेकरीवाल्याचा कोरडा सदरा घातलेला मेव्हणा घोरपडीच्या शेजारी आला, आणि कंपनी पाय आपटत पुलावर निघाली. रणगाडे त्यांच्यासाठी बाजूला झाले.