ओडीलचा परवाना पोस्टात पडून आहे

बेलान्सच्या पोस्टात मी सव्वीस वर्षं खिडकीमागे बसते आहे, आणि गावात कुणाला कुठलं दुखणं आहे हे मला बसल्या जागी कळतं. त्यासाठी चोंबडेपणा करावा लागत नाही. औषधी गांजा लावायचे परवाने देणारं राजधानीतलं कार्यालय आपली पत्रं फिकट हिरव्या लिफाफ्यात पाठवतं. गोपनीयता राहावी म्हणून लिफाफ्यावर कार्यालयाचं नाव छापत नाहीत. तसला लिफाफा या देशात दुसरं कुणीही वापरत नाही, त्यामुळे गोपनीयता अगदी चोख राहते.

ओडील सुरेत माझी शाळेपासूनची मैत्रीण. लॉब्स्टरच्या कारखान्यात वीस वर्षं उभ्यानं काम केलं तिनं, मग मज्जातंतूंचा आजार निघाला. आता तिचे पाय आखडतात. आखडले की इझिदोरला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, ते दोन्ही हातांनी धरून हळूहळू सरळ करावे लागतात, आणि ती दात आवळून खिडकीबाहेर बघत राहते. गांजाचं चमचाभर तेल पोटात गेलं की अर्ध्या तासात पाय सैल होतात. चार रोपं आमच्याकडे कुणीही परसात लावावीत, कायद्याची हरकत नाही. पण चार रोपांचं तेल तिला नाताळपर्यंतसुद्धा पुरत नाही. डॉक्टरांनी पंधरा लिहून दिली आहेत आणि पंधराला परवाना लागतो. दुकानातून तेल घ्यायचं तर इझिदोरला बोट विकावी लागेल.

गेल्या वर्षी तिनं जानेवारीत अर्ज केला आणि परवाना ऑक्टोबरात आला. मुदत एक वर्षाची, पण ती मोजायची डॉक्टरांच्या सहीच्या तारखेपासून. म्हणजे नोव्हेंबर, डिसेंबर आणि थोडासा जानेवारी, एवढ्या काळात बर्फात पंधरा रोपं लावायला सरकारची काहीही हरकत नव्हती.

यंदा पुन्हा जानेवारीत अर्ज. मे उजाडला तरी उत्तर नाही. फोन केला की एक गोड आवाज सांगायचा, “आपला अर्ज प्रक्रियेत आहे.” प्रक्रिया म्हणजे नक्की काय चाललंय, असं विचारलं की गाणं लावून द्यायचे.

मग ती रेजी म्यूझकडे गेली. रेजी आमचा वकील. बोटींची खरेदीविक्री आणि बांधावरची भांडणं यांवर त्याचं पोट चालायचं, पण दोन वर्षांपूर्वी त्याला एक शोध लागला. परवान्याला उशीर झाला म्हणून कोर्टात गेलं, की सुनावणीच्या दोनतीन दिवस आधी परवाना टपालानं हजर होतो. उशीर बेकायदेशीर आहे असं कुठल्याही न्यायाधीशानं कागदावर लिहिलेलं कार्यालयाला नको असतं. परवाना मिळाला की भांडायला काही उरत नाही, फाइल बंद होते. आजूबाजूच्या अकरा जणांना रेजीनं असे परवाने मिळवून दिले. शेवटी लोक असंच समजायला लागले, की कोर्टातला दावा हाच खरा अर्ज आणि कार्यालयाचा अर्ज म्हणजे नुसती रीतभात.

ओडीलची सुनावणी बारा जूनला, गुरुवारी लागली. सोमवारी हिरवा लिफाफा आला, रजिस्टर्ड. मी तिला फोन केला. ती कुबड्या टेकत आली, मागोमाग रेजीही आला. रांगेत अल्बानकाका होते. सत्तरी उलटलेली, लॉब्स्टरचे पिंजरे ओढून ओढून हाताची बोटं वाकडी झालेली. त्यांचा अर्ज सोळा महिने पडून होता. दावा मात्र करत नव्हते, कारण तीस वर्षांपूर्वी मापापेक्षा लहान लॉब्स्टर पकडल्याबद्दल कोर्टानं त्यांना दंड केला होता आणि ती धास्ती अजून गेली नव्हती.

“कर सही आणि जा घरी,” रेजी म्हणाला. “बारावी केस जिंकलो.”

“कुठे जिंकलास? न्यायाधीशांनी तर अजून तोंडही उघडलं नाही.”

“परवाना मिळाला ना? मग झालं.”

“आणि पुढच्या वर्षी?”

“पुढच्या वर्षी पुन्हा दावा करू. मी काय मरतोय थोडाच.”

“तू नाही मरणार रे. तुझे पाय चांगले आहेत.” तिनं मागे वळून विचारलं, “काका, तुमचा आला का हो?”

“कुठला येतोय,” अल्बानकाका म्हणाले. “मी काही बोललो नाही ना, म्हणून विसरले असतील.”

ओडीलनं कुबडी खिडकीला टेकवली. मग मला म्हणाली, “झीटा, सही नाही केली तर हा किती दिवस राहतो तुझ्याकडे?”

“पंधरा दिवस. मग परत.”

“आणि सही करून घेतल्याशिवाय परवाना लागू होत नाही. त्यांच्याच पत्रकात छापलंय. हो ना रे रेजी?”

रेजीनं डोक्याला हात लावला. “अगं बाई, जून अर्धा संपत आला. परवान्याचा नंबर दाखवल्याशिवाय कुणी तुला पंधरा रोपं विकणार नाही. पौर्णिमा झाली, लोकांची लावणी सुरू झाली.”

“मला माहितीये जून आहे ते,” ती म्हणाली. “ठेव गं आत.”

मी ठेवला.  तिचे पाय मी बघितले आहेत, न्यायाधीशांनी बघितलेले नाहीत.

गुरुवारी हॅलिफॅक्सच्या कोर्टात मीच तिला गाडीतून घेऊन गेले, कारण इझिदोरनं कोर्टात शिवीगाळ केली असती. सरकारचा वकील कोवळा होता, बूट नवे होते. तो उठून म्हणाला, “महोदया, परवाना मंजूर करून पाठवलेला आहे. या प्रकरणात आता काही उरलेलं नाही.”

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून बघितलं. “पाठवलाय की मिळालाय?”

त्यानं फोनवर बोट फिरवलं. “बेलान्सच्या पोस्टात पोचलाय, महोदया. वितरण व्हायचंय.”

“सोमवारपासून?” त्यांनी ओडीलकडे बघितलं. “तुम्ही घेतला का नाही?”

ओडील बसूनच बोलली, उभं राहणं तिला जमत नव्हतं. “महोदया, तो परवाना सध्या प्रक्रियेत आहे.”

मागच्या बाकावर कुणीतरी खोकल्यासारखं केलं. बाई हसल्या नाहीत, पण लिहायच्या थांबल्या.

“माझ्याकडे पंधरा दिवस आहेत,” ओडील म्हणाली. “त्यांनी मागच्या वेळी नऊ महिने घेतले. मी तीन दिवस लावले तर त्यांचा वकील धावत इथे आला. मी कुठे धावत जाऊ, ते तुम्ही लिहून द्या. मी सही केली की तुम्ही फाइल बंद करणार, आणि माझ्या गावातला एक म्हातारा सोळा महिने गप्प बसलाय, तो तसाच बसणार.”

दोन तास वादावादी झाली. बाईंनी सगळं मन लावून ऐकलं. शेवटी म्हणाल्या, मुद्दा महत्त्वाचा आहे, निकाल राखून ठेवते. किती दिवस, ते सांगितलं नाही. उशिराबद्दलच्या दाव्याचा निकाल लांबला म्हणून कुठल्या कोर्टात जायचं असतं, हे मी परतीच्या वाटेवर रेजीला विचारलं. त्यानं गाडीतला रेडिओ लावला.

निकाल येईपर्यंत सही करायची नाही, नाहीतर सगळं मुसळ केरात. रोज मी टपालाची पिशवी उघडायची आणि निकाल नसायचा. लोकांची रोपं वीतभर झाली. चोवीस जूनला, पंधराव्या दिवशी, ओडील आली. आदल्या दिवशीच उसन्या तेलाची शेवटची बाटली पालथी घालून निथळत ठेवली होती, असं इझिदोर मला सांगून गेला होता.

पोस्टात दुसरं कुणी नव्हतं. मी आवाज खाली केला. “हे बघ, लिफाफे कधीकधी कपाटामागे पडतात. दोनतीन महिन्यांनी झाडताना सापडतात. माझ्याकडे आजवर पडलेला नाही, पण पडू शकतो.”

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला शाळेतल्यासारखं खाली बघावंसं वाटलं.

“तूही कागद दडवून ठेवलास, तर तुझ्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला?” ती म्हणाली. “मार शिक्का.”

मी शिक्का मारला. ‘मुदतीत स्वीकारला नाही.’ सव्वीस वर्षांत इतका घट्ट शिक्का कधी मारला नव्हता. संध्याकाळच्या गाडीनं लिफाफा राजधानीला परत गेला, आणि तो मात्र तिसऱ्या दिवशी पोचला.

निकाल ऑक्टोबरअखेरीस लागला. ओडील जिंकली. कार्यालयानं प्रत्येक अर्जावर साठ दिवसांत उत्तर द्यावं, त्याहून उशीर बेकायदेशीर, असं न्यायाधीशबाईंनी स्वच्छ लिहिलं. पुढच्या आठवड्यात माझ्याकडे एकदम तेवीस हिरवे लिफाफे आले. प्रत्येकात एक ओळ होती, ‘सुरेत निकालानुसार’. अल्बानकाकांनी वाकड्या बोटांनी सही केली, आणि ओडीलच्या दारात रापीचं, म्हणजे आमच्याकडच्या किसलेल्या बटाट्याच्या पक्वान्नाचं, अख्खं भगुणं ठेवून आले. बोलायचं धाडस झालं नाही म्हणे.

चोविसावा लिफाफा ओडीलचा. आपण पूर्वीचा परवाना मुदतीत न स्वीकारल्यामुळे आपला अर्ज मागे घेतल्याचे समजण्यात येत आहे. कृपया नव्याने अर्ज करावा. खाली तीच ओळ, ‘सुरेत निकालानुसार’.

ती हसली. इतकी हसली की तिचा पाय खिडकीशीच आखडला, आणि मी बाहेर धावत जाऊन तो धरला. मग नवा अर्ज आम्ही दोघींनी तिथेच भरला.

कार्यालयाचं एक मानायला हवं, निकाल त्यांनी अक्षरशः पाळला. साठ म्हणजे साठ. एकोणसाठाव्या दिवशी कुणालाही काही येत नाही, साठाव्या दिवशी येतं. ओडीलचा लिफाफा जानेवारीत आला, पोस्ट बंद व्हायला दहा मिनिटं असताना. पेरणीला अजून पाच महिने होते. बाहेर बर्फ साचला होता आणि ती गाडीतून उतरू शकत नव्हती. अपुऱ्या तेलावर काढलेल्या त्या महिन्यांत तिची मांडी इतकी बारीक झाली होती की पँट सुटून पडत होती. लिफाफा खिडकीबाहेर न्यायला नियमानं मनाई आहे. मी नेला.

गाडीची काच खाली करून तिनं सही केली. नाव नीट आलं नाही.

“ओडील,” मी म्हणाले, “चूक झाली. माफ कर.”

“तुझी कुठली?”

“माझी नाही. सरकारची. पण त्यांच्याकडून कुणी येणार नाही, आणि पगार मलाही सरकारच देतं. म्हणून मी मागते.”

तिनं डोळे पुसले, आणि माझ्या खिशातल्या पावतीपुस्तकाकडे बोट दाखवलं.

“लेखी दे,” म्हणाली.

मी दिलं. बर्फात उभी राहून, तारीख घालून, खाली माझी सही.