पाचव्या नकाशावरची तारीख

"हे वाक्य मी नकाशाखाली लिहिणार नाही," मी म्हणाले आणि कागद साहेबांच्या टेबलावर परत ठेवला.

साहेब नवे होते, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. स्टेशनला शंभर वर्षं होत होती, त्यानिमित्त मोठ्या हॉलमध्ये सात नकाशे लावायचे होते. शंभर वर्षांत स्टेशनातले रूळ आणि सांधे कसकसे बदलत गेले ते दाखवणारे. नकाशे काढायचं काम माझ्याकडं आलं होतं. आराखडा विभागात सत्तावीस वर्षं मी दुसरं काही केलेलंच नाही. पहिल्या नकाशात दोन रूळ, एक फलाट आणि एकच सांधा. सातव्यात अकरा फलाट आणि एकशे बेचाळीस सांधे. सांधा म्हणजे जिथं गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ती जागा. कागदावर ती नखाएवढी तिरपी रेघ असते. जमिनीवर तिच्या भरवशावर हजार माणसं डुलक्या काढत बसलेली असतात.

नकाशांखालचा मजकूर अण्णांनी लिहून पाठवला होता. अण्णा म्हणजे आमचे जुने मुख्य आरेखक, आता ऐंशीच्या घरातले, समारंभाचे सत्कारमूर्ती. पाचव्या नकाशाखाली त्यांनी लिहिलं होतं, 'याच वर्षी सांधेवाल्याच्या हलगर्जीपणामुळे दुर्दैवी अपघात झाला.'

"यात चूक काय आहे?" साहेबांनी विचारलं. "चौकशी अहवालात हेच आहे."

"अहवाल खोटा आहे."

"कशावरून?"

"त्या वर्षीच्या मूळ नकाशावरची तारीख मी घातली आहे. माझ्या हातानं."

साहेबांनी दार लावून घेतलं. मी सांगितलं.

तेव्हा मला नोकरीला लागून चार महिने झाले होते, तीही हंगामी. घरी आजारी आई आणि शिकणारे दोन भाऊ. स्टेशनात नवा फलाट होत होता आणि बुधवारी त्याचं उद्घाटन ठरलेलं होतं. त्या घाईत रूळ जोडणाऱ्यांनी पेन्सिलीच्या कच्च्या आराखड्यावरच काम उरकलं. पुलापलीकडं तीन नंबरची लाइन फलाटापासून तोडून मालधक्क्याला जोडली आणि फलाटाला चार नंबरची दिली. काम चालू असल्यामुळं सिग्नल बंद होते. सांधे हातानं ओढायचे होते. सोमवारी सकाळी सांधेवाल्यानं जुन्या नकाशाप्रमाणं गाडी तीन नंबरवर घेतली. पुलापलीकडचं त्याला दिसत नव्हतं. गाडी मालधक्क्यावर उभ्या असलेल्या मालगाडीच्या वाघिणींवर जाऊन आदळली. चार माणसं गेली.

नवा नकाशा तेव्हा माझ्या टेबलावर होता. अर्धा. शाई भरायची राहिली होती.

अण्णांनी खोलीचं दार आतून लावलं आणि म्हणाले, "दुपारपर्यंत पुरा कर. तारीख गेल्या शुक्रवारची टाक." मी पेन उचललं नाही. तर म्हणाले, "पोरी, तारीख म्हणजे काय, शाईचे चार आकडे. तू नाही टाकलीस तर दुसरं कुणी टाकेल. फक्त मग तू इथं नसशील." मी टाकली. चौकशीत ठरलं, नवा नकाशा शुक्रवारीच सिग्नलच्या केबिनमध्ये पोचला होता, सांधेवाल्यानं तो बघितला नाही. पोचपावती म्हणे गहाळ झाली. त्याला बडतर्फ केलं आणि आठ दिवसांत रेल्वेची खोली रिकामी करायला लावली.

साहेब पेनच्या टोपणाची उघडझाप करत होते. "बाई, हा समारंभ आहे, चौकशी नाही. हवं तर ते वाक्य गाळू. विषय संपला."

"गाळून कसा संपेल? अहवालात ते तसंच राहणार."

"तुम्हीच अडकाल. चार वर्षं राहिलीत निवृत्तीला."

"त्यालाही नोकरीची तेरा वर्षं राहिली होती," मी म्हणाले.

संध्याकाळी मी अण्णांच्या घरी गेले. ते बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होते. मी काय म्हणते ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या शांतपणानंच माझं डोकं फिरलं.

"वरून दबाव होता गं," ते म्हणाले. "आणि तो सांधेवाला तसाही पीत असणार. ही माणसं पितातच."

"तो कधी प्यायला नाही. तुम्हाला माहीत आहे."

"आता कशाला मढी उकरायची?"

"मढी तुम्ही उकरलीत अण्णा. सत्कार घ्यायचा, घ्या ना. त्याला पुन्हा एकदा भिंतीवर टांगायची काय गरज होती?"

त्यांनी झारी खाली ठेवली आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं. मी चहाला थांबले नाही. राग त्यांचा आला म्हणावं, तर त्यांनी नुसतं तोंडानं सांगितलं होतं. हात माझा होता.

सांधेवाल्याचा पत्ता जुन्या गँगमनकडून मिळाला. तो मुलीकडं राहत होता, कारखान्यामागच्या एका खोलीत. दार मुलीनं उघडलं. तो खाटेवर बसून खुर्चीचा मोडका पाय तारेनं आवळत होता. पूर्वी नकाशे न्यायला यायचा तेव्हा म्हणायचा, "पोरी, आकडे जरा ठसठशीत काढ, माझे डोळे तुझ्यासारखे नाहीत." त्यानं मला ओळखलं.

मी सगळं सांगितलं. तार आवळणारे हात थांबले नाहीत.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"माझी बायको नळावर पाण्याला जाईनाशी झाली होती. बाया हंडे उचलून बाजूला व्हायच्या. मरेपर्यंत मला विचारत होती, खरं सांगा, बघितला होतात का तो नकाशा? मी शपथा घ्यायचो. तिला पटायचं आणि पटायचं नाही." त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. "तिला सांगायला आला असतात तर चाललं असतं. मला काय सांगता? मला तर माहीतच होतं."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यानं हात वर केला.

"बाई, बोलायला आलात की लिहायला?"

मुलीनं वहीतला कागद फाडून दिला. मी तिथंच, त्याच्या खाटेच्या कडेला बसून लिहिलं. दिवस, वेळ, कुणी काय सांगितलं, मी काय केलं. खाली सही केली. त्यानं मुलीला मोठ्यानं वाचायला लावलं. दोनदा. मग म्हणाला, "या आता."

समारंभ झाला. अण्णा तब्येतीचं कारण सांगून आले नाहीत. भिंतीवर पाचवा सोडून सहाच नकाशे लागले. माझा कागद साहेबांनी वर पाठवला, हे त्यांचं मी मानते. त्यांना तो सहज फायलीत दाबता आला असता. चौकशी आठ महिने चालली. मला आरेखनावरून काढून तळघरातल्या दफ्तरखान्यात टाकलं. माझी तक्रार नाही. शेवटी सांधेवाल्याच्या घरी दोन ओळींचं पत्र गेलं, की अहवालातला त्याच्यावरचा ठपका रद्द करण्यात येत आहे. ज्यांनी ठपका ठेवला त्यांच्याबद्दल एक अक्षर नाही. खेदाचा शब्द नाही. पत्राची प्रत दफ्तरखान्यात मीच लावली, आणि लावताना इतकी संतापले की भोक पाडायचं यंत्र माझ्या हातून खाली पडलं.

पुढच्या आठवड्यात तो स्टेशनात आला. मुलगी मला वर बोलवायला आली. "बाबांना त्यांच्या सांध्याची जागा सापडत नाहीये. तुम्हाला माहीत असेल म्हणाले."

फलाटाच्या टोकाला तो उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. समोर रुळांचं जाळं. आता सांधे मोटारीवर सरकतात, माणूस लागत नाही. मी बोट दाखवलं. "तिथं होता. त्या खांबाजवळ."

त्यानं डोळे बारीक केले. "नाही. खांबापलीकडं, वीस पावलांवर. तुम्ही कागदावर बघितलाय."

लांबून गाडी येत होती. मुलीनं त्याचा दंड धरून त्याला मागं ओढलं. त्यानं दंड सोडवून घेतला, स्वतःच दोन पावलं मागं सरला, तोंड गाडीकडं केलं आणि कामावरची माणसं उभी राहतात तसा हात खाली सोडून ताठ उभा राहिला. डबे धडधडत समोरून गेले. शेवटचा डबा सांध्याची ती जागा ओलांडून जाईपर्यंत त्यानं मान वळवली नाही.

मग तो मला तिथंच सोडून मुलीबरोबर बाहेरच्या दाराकडं चालू लागला.