लाल दोऱ्याचा चुपारोसा

होविताच्या परसातल्या कागदी लिंबावर तो चुपारोसा, फुलांतला मध पिणारा इवलासा पक्षी, आला, तेव्हा तिनं त्याच्या तुऱ्याकडं पाहिलंच नाही. तिची नजर गेली पायाकडं. पायाला लाल दोरा लोंबत होता.

इत्सेलनं मात्र दुर्बीण डोळ्यांना लावली होती. ही पोर विद्यापीठातून पक्ष्यांचा अभ्यास करायला आलेली. अकरा दिवस होविताची मागची खोली भाड्यानं घेऊन राहिली होती आणि रोज पहाटे कॉफीच्या मळ्यांतून चिखल तुडवून रिकाम्या हातानं परतत होती. आणि ज्याच्यासाठी डोंगर पालथा घातला तो इथं, धुण्याच्या दोरीपाशी. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय. ती पुटपुटत खुणा पडताळून बघत होती: अंगठ्याएवढा जीव, डोक्यावर आखूड तांबूस तुरा, गळा हिरवा, कमरेवर पांढरा पट्टा. तोच. या एका डोंगररस्त्याच्या आसपास सोडला तर जगात कुठंच न सापडणारा.

"होविताबाई, तुमच्या परसात आता लोकांची रीघ लागणार," ती हळूच म्हणाली.

डिसेंबरचा गारठा होता आणि तो लाल दोरा होविताच्या ओळखीचा होता.

एकोणीस वर्षांपूर्वी अशाच गारठलेल्या पहाटे तिला कॉफी वाळवायच्या खळ्यावर एक चुपारोसा सापडला होता. ताठ, गार, डोळे मिटलेले. तिला ती देवाचीच कृपा वाटली, कारण तिचा नवरा फिदेन्सिओ नुकताच पिशवी भरून गाडीच्या रस्त्याला लागला होता, आकापुल्को शहरातल्या त्या दुसऱ्या बाईकडं जायला. नवरा बांधून ठेवायचा तर काय करायचं, हे इथल्या पोरीसोरींनाही ठाऊक असतं. चुपारोसा घ्यायचा, पण आपल्या हातानं मारलेला नव्हे, आपणहून मेलेला. नवऱ्याच्या फोटोसकट त्याला लाल रेशमी दोऱ्यानं गच्च गुंडाळायचं, मध लावायचा, प्रार्थना म्हणायची. होवितानं सगळं रीतसर केलं. अंगणात ऊन यायच्या आत फक्त शेवटची गाठ उरली होती, तोच फिदेन्सिओ पिशवीसकट दारात उभा. काहीतरी सांगायला त्यानं तोंड उघडलं. तिनं गाठ आवळली. तो काही बोलला नाही.

पुढं तो राहिला, पण ते काय राहणं होतं? सकाळी ऊन अंगावर येईपर्यंत परसातल्या खुर्चीत लाकडासारखा बसून असायचा. ऊन पडलं की उठायचा, कॉफी प्यायचा, मुकाट्यानं मक्याची कणसं सोलायचा. ना हसणं, ना भांडण. त्याचा एक केस पिकला नाही. गावातल्या बायका म्हणायच्या, होविताचं नशीब बघा, नवरा कसा दावणीला बांधल्यासारखा. तीही हसून घ्यायची. मनातून मात्र तिला त्या खुर्चीची भीती वाटायची, आणि ही भीती तिनं पाद्रीबाबांपुढंसुद्धा कधी कबूल केली नव्हती.

लिंबावर काहीतरी फडफडलं. दोरा काट्याला अडकला होता. पक्ष्यानं दोनचार हिसके दिले, मग त्याचे पंख थांबले आणि तो उलटा लोंबकळत राहिला.

"मेला," होविता म्हणाली.

"नाही मेला. थंडीनं आणि उपाशीपोटी हे असे निपचित होतात. अंग गार पडतं, श्वास कळत नाही. ऊन लागलं की उठून बसतात. लोकांना वाटतं मेला."

होविता लाल दोऱ्याकडं बघत होती. "आणि तसाच कुणी बांधून टाकला तर?"

"तर जिवंत बांधला म्हणायचं," इत्सेल सहज म्हणाली. तिचं सगळं लक्ष फांदीवर होतं.

हे किती वर्षं जगतात, असं होवितानं विचारलं. पाच झाली तरी खूप, असं उत्तर आलं.

ती आत गेली. संताच्या तसबिरीमागचा पत्र्याचा डबा तिनं खाली काढला. लाल पुडकं होतं तसंच होतं, गाठसुद्धा होती तशीच. पण हातात घेतलं तर वजनच नाही. दोऱ्याच्या वेढ्यांमध्ये पक्ष्याच्या आकाराची पोकळी होती, तिच्यात फिदेन्सिओचा फोटो वाळलेल्या पानासारखा चुरगळला होता. दोऱ्याचं एक टोक तुटलेलं होतं.

बाहेरून इत्सेलनं कात्री मागितली. दोरा ओढला तर पाय मोडेल, आणि लवकर मध मिळाला नाही तर मग तो उठायचाच नाही, असं ती सांगत होती.

होविता कात्री घेऊन परसात आली. खुर्चीत फिदेन्सिओ नेहमीसारखा बसला होता, तोंड किंचित उघडं, एकोणीस वर्षांपूर्वी दारात उघडलं होतं तसंच. दोरा कापला तर हा जाणार, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याच्यावाचून हे घर कसं असेल, याची कल्पनासुद्धा तिला करवेना. पण तो जीव तिथं लोंबत होता. तिला लाज वाटली, आणि कात्री उघडी धरून ती तशीच उभी राहिली.

"द्या, मी कापते," इत्सेल म्हणाली.

"नको. गाठ माझी आहे."

तिनं पायापाशी दोरा कापला. पक्षी तिच्या तळहातावर पडला, बर्फासारखा गार. भिंतीवरून ऊन उतरलं, तिच्या हातावर आलं. त्यानं डोळे उघडले. कानाशी गुणगुणल्यासारखा आवाज झाला आणि हात रिकामा झाला. इत्सेल त्याच्या मागं मळ्याकडं पळत सुटली.

पाठीमागं खुर्ची करकरली.

फिदेन्सिओ उठून उभा होता. गाल थंडीनं लाल झालेले, पस्तिशीचा गडी. त्यानं परसभर नजर फिरवली आणि समोरच्या पिकल्या केसांच्या बाईला पाहून अदबीनं हॅट काढली.

"बाई, होविता घरात आहे का?"

तिनं कात्री पाठीमागं धरली.

"तिला एवढं सांगाल? गाडी आली होती, मी चढलोच नाही. नाही जायचं मला तिकडं. मला कुणी अडवलं नाही, माझा मीच परत आलोय. तेवढं तिला कळू दे."

"सांगते," होविता म्हणाली.

तो पायरीवर बसला आणि तिची वाट बघू लागला.