दादाची धमनी

नऊ वर्षांपूर्वी दुकानाची पाटी पुसट झाली, तेव्हा धाकट्याने रंगाऱ्याला 'घड्याळे व किल्ल्या' असं लिहायला सांगितलं. आधी 'किल्ल्या व घड्याळे' असं होतं. किल्ल्या दादा बनवायचा, घड्याळं धाकटा दुरुस्त करायचा. दादाने नवी पाटी वाचली, सुताराला बोलावून दुकानाच्या मधोमध प्लायवूड ठोकून घेतलं आणि धाकट्याशी बोलणं सोडलं. धाकट्यानेही सोडलं. गिऱ्हाईक चुकून भलत्या बाजूला शिरलं, तर दोघंही नुसतं बोट दाखवत.

या दोघांच्या मधली ताई एका संशोधन केंद्रात स्वागतकक्षात बसायची. तिथल्या डॉक्टरीणबाईंना सख्ख्या भावंडांच्या जोड्या हव्या होत्या. एका घरात वाढलेल्यांच्या रक्तवाहिन्या सारख्याच थकतात का, हे त्यांना बघायचं होतं. ताईने दादाला सांगितलं की धाकटा घाबरून नाही म्हणाला. धाकट्याला सांगितलं की दादा घाबरून नाही म्हणाला. ठरल्या दिवशी सकाळी सात वाजता दोघंही उपाशीपोटी, चहासुद्धा न घेता हजर झाले.

खोली थंड होती. दोन खाटा आणि मध्ये पडदा. तपासणाऱ्या बाईंनी बजावलं की तपासणीत अजिबात बोलायचं नाही. दारात उभी असलेली ताई म्हणाली, ती काळजी नको.

आधी धाकट्याचा नंबर लागला. दहा मिनिटं नुसतं पडायचं होतं. मग बाईंनी त्याचा हात फोमच्या उशीवर ठेवला, दंडाच्या आतल्या बाजूला गार जेल लावून यंत्राची मूठ टेकवली आणि मनगटाच्या वरती, बी.पी. मोजतात तसला पट्टा गुंडाळून फुगवला. पाच मिनिटं. बोटं आधी झिणझिणली, मग आपली वाटेनाशी झाली. पट्टा सुटल्यावर रक्ताचा लोंढा सुटतो, तेव्हा धमनीने अंग सैल करून त्याला वाट द्यायला हवी, असं बाईंनी समजावलं. किती टक्के रुंदावून वाट दिली, ते मोजायचं.

नंतर त्या पडद्याआड गेल्या. धाकट्याला अर्धा तास पडून राहायला सांगितलं होतं, त्यामुळे तो ऐकत पडला. यंत्रातून दादाच्या रक्ताचा आवाज येत होता, सू... सू... असा, संथ. पट्टा फुगल्यावर तो बारीक झाला, इतका की धाकट्याने मान वळवली. पाच मिनिटं त्याने खोलीतल्या घड्याळावर मोजली. ते घड्याळ चाळीस सेकंद मागे होतं, पण आत्ता ते सांगायची वेळ नव्हती. मग एकदम मोठा सुस्कारा यावा तसा आवाज झाला आणि त्याचाही श्वास सुटला.

थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई आल्या. धाकट्याला कागदावर बोट ठेवून आकडा दाखवला, आठ पूर्णांक चार टक्के, आणि हळूच म्हणाल्या, उत्तम. मग पलीकडे गेल्या. पलीकडचा आकडा एक पूर्णांक नऊ होता. पडदा कापडाचा होता, सगळं ऐकू आलं. दादाची धमनी वाट द्यायला तयारच नव्हती, बी.पी.ही चढलेलं होतं. गोळ्या सुरू करायच्या आणि रोज संध्याकाळी पाचला, उन्हं कलल्यावर, अर्धा तास चालायचं.

"पाचला दुकान कोण बघणार?" दादा म्हणाला.

धाकटा शर्टाची बटणं लावत होता. तो पडद्याकडे बघून म्हणाला, "मी बघीन."

डॉक्टरीणबाईंनी तेही लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून पाच वाजता धाकटा आपली बाजू बंद करून दादाच्या स्टुलावर बसू लागला. दादा घामेजून परत यायचा आणि विचारायचा, "कोण आलं होतं?"

"दोघं. एकाचं कपाटाचं कुलूप, एक नुसताच विचारून गेला."

पहिला महिना एवढंच बोलणं झालं. दुसऱ्या महिन्यात दादा वाटेत कोण भेटलं तेही सांगू लागला.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. दादाचा आकडा तीन पूर्णांक सहावर गेला. मापात थोडं इकडेतिकडे होतंच, असं तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, पण दादाने ते ऐकलं नाही. बाहेर बाकावर शर्टाची बाही खाली करत त्याने विचारलं, "तुझा किती?"

धाकट्याने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. "तीन."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

दादाच्या चेहऱ्यावर आधी समाधान आलं. मग ते गेलं. "आणि मला बोलला नाहीस?"

धाकट्याने बाहीचं बटण लावायला घेतलं.

"उद्यापासून तूही चल," दादा म्हणाला. "अर्धा तास दुकान बंद राहिलं, तर गावात कोणी अडकून पडत नाही."

दुसऱ्या दिवशी पाच वाजता दोघांनी मिळून शटर ओढलं. धाकटा मुद्दाम दोन पावलं मागे राहिला. तीन टक्केवाल्याने पुढे जाणं बरं दिसलं नसतं.